'संपले' एक, इंग्रजी जोड्या पाच

मराठीत आपण बहुतेक वेळा 'संपले' किंवा 'बंद' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत मात्र काय संपले, कसे संपले, ते पाहून शब्द बदलतो. बघा.

रन आउट : साठा संपणे. डब्यातले मीठ.
कॉल ऑफ : ठरलेले रद्द करणे. पावसामुळे कबड्डीचा सामना.
डाय डाउन : हळूहळू शांत होणे. वारा, चुलीतला जाळ, वर्गातला गोंगाट.
ब्रेक डाउन : बिघडून बंद पडणे. घाटात एस.टी. पडते, मिस्त्री आला की पुन्हा चालते.
क्लोज डाउन : कायमचे बंद करणे. दुकान, कारखाना.

आता आपली यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला गाडी घ्या. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, मग डिझेलचे आले. आता ती धावत नाही. मग ती ब्रेक डाउन की क्लोज डाउन? मी आबाजींना विचारले. ते म्हणाले, "बंद पडली म्हन बाबू, बंद केली म्हनू नोको."

इंग्रजीप्रमाणे 'क्लोज डाउन' बरोबर बसते. पण दुरुस्तीची आशा 'ब्रेक डाउन'मध्ये आहे. पालकहो, तुम्ही त्या गाडीत बसला असाल, तर तुम्ही कोणती जोडी लिहाल ते आम्हांला सांगा.