भाजक न सापडणे व भाजक नसणे
(इयत्ता ६ वी व ७ वीच्या मूळ संख्यांच्या पाठासाठी)

१. पाठातील अडचण
फळ्यावर ९१ ही संख्या लिहिली, की पुष्कळ मुले ती मूळ ठरवितात. २, ३ व ५ यांनी निःशेष भाग जात नाही, एवढ्यावर ती थांबतात. ९१ = ७ × १३ हे दाखविताच चूक उमगते; परंतु तपासणी कोठे थांबवावी, हा प्रश्न तसाच राहतो. ‘पुस्तकात तसे दिले आहे’ हे उत्तर मिळाले, तर मूल गणितातही दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू लागते.

२. मर्यादेचे कारण
एखाद्या संख्येचे दोन अवयव पाडले, तर ते दोन्ही तिच्या वर्गमूळाहून मोठे असू शकत नाहीत. तसे असल्यास त्यांचा गुणाकार त्या संख्येहून मोठा होईल. ९७ ही संख्या १० च्या वर्गाहून लहान आहे. म्हणून २, ३, ५ व ७ यांनी भाग जात नाही एवढे पाहिले, की ९७ मूळ असल्याचे सिद्ध होते.

३. एक मोठे उदाहरण
२ चा घात घेऊन त्यातून १ वजा करावा. घातांक २, ३, ५ व ७ घेतल्यास ३, ७, ३१ व १२७ या मूळ संख्या मिळतात. येथे नियम सापडला असे वाटते; पण घातांक ११ घेताच २,०४७ = २३ × ८९ निघते. फ्रान्समधील धर्मोपदेशक मेर्सेन याने १६४४ मध्ये अशा संख्या मूळ ठरविणाऱ्या घातांकांची यादी दिली. तीत ३१ व ६७ हे दोन्ही होते. सिद्धता मात्र नव्हती.

घातांक ३१ ची संख्या २,१४,७४,८३,६४७ होय. तिचे वर्गमूळ ४६,३४१ हून किंचित कमी आहे. तेथवरच्या मूळ संख्याच साडेचार हजारांहून अधिक भरतात. गणितज्ञ ऑयलर याने असे दाखविले, की या संख्येला भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरेल. अशा संख्या या मर्यादेत ३७३ च आहेत. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही, हे ठरवून १७७२ मध्ये त्याने ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. त्या वेळी त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. घातांक ६७ विषयी मात्र मेर्सेन चुकला होता. ती संख्या मूळ नाही हे ल्यूकास याने १८७६ मध्ये दाखविले व तिचे अवयव कोल याने १९०३ मध्ये काढले: १९,३७,०७,७२१ व ७,६१,८३,८२,५७,२८७.

४. स्वाध्याय
२२१, २२३ व २,०४७ या संख्या मुलांकडून तपासून घ्याव्यात. २,०४७ ला नवव्या भागाकारात २३ हा भाजक सापडेल. २२३ मूळ आहे एवढ्याच उत्तरास पूर्ण गुण देऊ नयेत. ‘१५ चा वर्ग २२५, म्हणून १३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या’ असे जो विद्यार्थी लिहील, त्यालाच हा पाठ समजला असे मानावे.