पत्ता सापडला म्हणजे चोर सापडला असं नाही

‘आमच्याकडे न्यायला आहे काय? आडतीचं दुकान, चार संगणक, एक जुना सर्व्हर!’ कळंबच्या मोंढ्यात हे मला दर हंगामात ऐकावं लागतं. आडत दुकानं, पतसंस्था, शिकवण्या यांचे संगणक सांभाळणं हा माझा धंदा, त्यामुळे उत्तरही पाठ झालं आहे. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन तयार केलं. एकच संगणक आणि एक वेगवान जोडणी एवढ्या भांडवलावर जगातले सगळे सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ते पाऊण तासाच्या आत तपासून होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांचा हेतू अभ्यासाचा होता, पण तेवढाच वेग आज चोरांच्या यंत्रांनाही आहे. कळंब नकाशावर कुठे आहे हे त्या यंत्रांना ठाऊक नसतं आणि ठाऊक असायची गरजही नसते. उघडं पोर्ट दिसलं की पासवर्ड लावून बघायचे, एवढंच त्यांचं काम.

आता ज्या दुकानामुळे हे लिहावंसं वाटलं त्याची गोष्ट. सोयाबीनची आवक वाढली की मुनीम रात्री घरून पट्ट्या करतात. त्यासाठी दुकानातला विंडोज संगणक बाहेरून चालवता यावा म्हणून रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ क्रमांकाचं पोर्ट राउटरवर सताड उघडं ठेवलेलं असतं. या दुकानातही तसंच होतं. ऐन हंगामात एका सकाळी हिशेबाची एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी पडलेली. कुणाला किती उचल दिली, कुणाची पट्टी बाकी आहे, सगळं कुलूपबंद. बॅकअपची डिस्क रात्रंदिवस त्याच संगणकाला जोडलेली असायची, त्यामुळे तीही हातची गेली.

मला बोलावणं आलं तोवर एका दुरुस्तीवाल्याने संगणक फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं होतं. दुकान लवकर सुरू व्हावं हाच त्याचा हेतू. पण कोण आलं, किती वाजता, कुठल्या पत्त्यावरून, आत शिरून आणखी कशाकशाला हात लावला, हे सांगणाऱ्या नोंदीही त्यासोबत पुसल्या गेल्या. पोलिसांपुढे ठेवायला तक्रार होती, पुरावा नव्हता. हिशेब मग कच्च्या वह्यांवरून आणि शेतकऱ्यांनी जपून ठेवलेल्या पट्ट्यांवरून पुन्हा उभा करावा लागला.

म्हणून पहिला धडा हा: हल्ला झाला की नेटची वायर काढा, संगणकाला मात्र हात लावू नका. फॉरमॅट करण्याआधी मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा आणि काम नव्या डिस्कवर सुरू करा. नव्या डिस्कला थोडे पैसे पडतात, पण गेलेली नोंद कितीही पैसे मोजले तरी परत येत नाही.

नोंदीचं मोल काय असतं हे १९८६ सालच्या एका प्रकरणातून कळतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे संगणक वापराच्या हिशेबातला ७५ सेंटचा फरक शोधायचं काम आलं. आपल्याकडे एखाद्या मुनिमाने तो किरकोळ म्हणून सोडूनही दिला असता. स्टॉल यांनी घुसखोराची प्रत्येक हालचाल छापून घेतली, वेळांसह वहीत टिपली आणि माग काढत प्रकरण जर्मनीतल्या हॅनोव्हरपर्यंत नेलं. त्यांच्याकडे आजच्यासारखी साधनं नव्हती. तारीख-वेळेची शिस्त होती.

नोंद वाचायची कशी? विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा आणि सिक्युरिटी विभागात जा. ४६२५ हा क्रमांक म्हणजे फसलेला लॉगिन, ४६२४ म्हणजे जमलेला. लिनक्सवर याच गोष्टी ‘फेल्ड पासवर्ड’ आणि ‘ॲक्सेप्टेड पासवर्ड’ अशा शब्दांत दिसतात. फसलेल्या प्रयत्नांची लांबलचक रांग पाहून नवखा माणूस घाबरतो. ॲडमिन, टेस्ट, यूझर, बॅकअप अशी नावं एकामागून एक लावून पाहिलेली असतात. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर हे रोजचंच. धडकी भरायला हवी ती वेगळ्या ओळीने: शंभर वेळा फसलेल्या पत्त्यावरून अचानक एकदा जमलेला लॉगिन, किंवा दुकान बंद असताना मध्यरात्री मुनिमाच्या नावाने झालेला प्रवेश.

आता पत्त्याकडे वळू. नोंदीत आयपी पत्ता दिसला की लोक लगेच विचारतात, ‘देश कुठला?’ या प्रश्नाचा फारसा उपयोग नसतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला आणि ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. त्यातले बरेचसे पैसे बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले, तर १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवले गेले. यात चोराचा देश कुठला म्हणायचा? आयपी पत्ता हा फार तर चोरीत वापरलेल्या मोटारसायकलचा नंबर आहे, आणि ती मोटारसायकलही बहुतेक वेळा चोरीचीच असते.

हे मला इथेच, घराजवळ पाहायला मिळालं. एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर एकाच पत्त्यावरून सारखे प्रयत्न होत होते. पत्ता भारतातला निघाला, म्हणून सेवा पुरवणाऱ्याला नोंदी पाठवल्या. त्याच्या माणसाने गिऱ्हाइकाकडे जाऊन पाहिलं, तर तिथे बसलेला होता सीसीटीव्हीचा डीव्हीआर. कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. मालक बिचारा ‘नेट हळू चालतं’ म्हणून वैतागलेला. २०१६ सालच्या मिराई या विषाणूची रीत हीच होती. साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून त्याने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. तक्रार करताना हे मनात असू द्या. समोरचा माणूस बहुधा स्वतःच लुटलेला असतो. त्याला शिव्या देऊन काही मिळत नाही, पण कळवलं तर एक यंत्र बंद होतं.

कळवायचं कुणाला? जगातले आयपी पत्ते पाच प्रादेशिक नोंदणी संस्था वाटतात. आपल्या भागासाठी एपनिक ही संस्था आहे आणि भारतात निक्सीच्या अखत्यारीतली आयआरआयएनएन हे काम पाहते. त्यांच्या ‘हू-इज’ शोधात पत्ता टाकला की तो कोणत्या कंपनीला दिला आहे आणि गैरवापराची तक्रार कोणत्या ई-मेलवर करायची हे दिसतं. अब्यूजआयपीडीबीसारख्या सामायिक यादीतही नोंद करता येते, म्हणजे त्या पत्त्याबद्दल इतर सर्व्हरवाले सावध होतात. पण यादीत नाव घालण्यापूर्वी खात्री करा. आपलाच मुनीम पासवर्ड विसरला नाही ना? गुगलच्या शोधयंत्रणेचा बॉट तर नाही ना? खोटी नोंद निरपराध माणसाला त्रास देते.

तक्रार थोडक्यात लिहा. एका ई-मेलमध्ये एकच पत्ता. हल्ला कोणत्या पोर्टवर झाला, पहिला आणि शेवटचा प्रयत्न कधीचा, आणि नोंदीतल्या आठ-दहा मूळ ओळी जशाच्या तशा. वेळ लिहिताना भारतीय प्रमाणवेळ, यूटीसी अधिक साडेपाच तास, असं स्पष्ट लिहा, नाहीतर पलीकडचा माणूस भलतीच वेळ तपासत बसतो. सर्व्हरचं घड्याळही आपोआप जुळणारं ठेवा. समोरच्याचा सोर्स पोर्ट नोंदीत असेल तर तोही द्या. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटतात, त्यामुळे नेमकी वेळ आणि पोर्ट नसेल तर त्यांतला नेमका कोण हे त्यांनाही सांगता येत नाही. आपल्या सभासदांची नावं आणि खाते क्रमांक मात्र पाठवण्याआधी झाका.

नुसते प्रयत्न असतील तर एवढं पुरे. कुणी आत शिरलं असेल तर गोष्ट वेगळी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पैसे गेले असतील तर आधी १९३० या क्रमांकावर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार.

एक मोह मात्र टाळा. हुशार पोरं म्हणतात, ‘काका, आपणच त्याच्या सर्व्हरवर उलटा हल्ला करू.’ माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तुमच्या उलट्या हल्ल्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि मार बसतो तो त्या डीव्हीआरवाल्याला.

पत्ते अडवत बसणं हा संरक्षणाचा शेवटचा थर आहे, पहिला नव्हे. एक अडवला की यंत्र दुसऱ्यावरून येतं. म्हणून ३३८९ बाहेरून बंद करून मुनिमाला व्हीपीएनमधून येऊ द्या. लिनक्सवर पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरा आणि फेलटूबॅनसारखं साधन बसवा, म्हणजे सारखा चुकणारा पत्ता काही काळ आपोआप अडतो. ते बसवताना स्वतःचा पत्ता सवलतीच्या यादीत घाला, नाहीतर आधी तुम्हीच बाहेर राहाल. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा. कॅमेऱ्याचा पासवर्ड आजच बदला.

आणि १९३०, सर्ट-इनचा १८००-११-४९४९ आणि तुमच्या नेटवाल्याचा नंबर कागदावर लिहून संगणकाशेजारी भिंतीला चिकटवा. फाइलीत जपलेला नंबर फाइलींना कुलूप लागल्यावर उघडत नाही.