प्रवासात वाढलेला एक विद्यार्थी

गेल्या जून महिन्यात एक गृहस्थ आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले. त्यांची नोकरी बदलीची. मुलगा नववीत, आजवर पाच गावी पाच शाळा झालेल्या. "मास्तर, आमच्या भटकंतीत याच्या शिक्षणाचे वाटोळे झाले," असे ते त्याच्यासमक्षच म्हणाले. मुलगा खाली मान घालून उभा होता. योगायोग असा की, त्याच आठवड्यात दुसरे एक पालक भेटले. त्यांची कन्या काही वर्षे परदेशी राहून आली आहे. त्यांचे म्हणणे नेमके उलट. तिने जग पाहिले आहे. आता या वर्गातील बाकावर बसून तिला अधिक काय मिळणार, असा त्यांचा प्रश्न होता. दोघांसही मी त्या वेळी धड उत्तर देऊ शकलो नाही. मात्र त्या रात्री अमेरिकेच्या इतिहासातील एका मुलाची मला आठवण झाली. त्याची हकीकत येथे देत आहे. विद्यार्थ्यांनी ती वाचावीच. पण पालकांनीही वाचल्यास बरे होईल.

या मुलाचे नाव जॉन क्विन्सी ॲडम्स. पुढे तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा सहावा अध्यक्ष झाला. परंतु आपणांस येथे अध्यक्षाशी कर्तव्य नाही, विद्यार्थ्याशी आहे. त्याचा जन्म ११ जुलै १७६७ रोजी बोस्टनजवळील ब्रेन्ट्री या गावी झाला. तो साडेदहा वर्षांचा असताना, १७७८ च्या फेब्रुवारीत, त्याचे वडील फ्रान्सला जाण्यास निघाले. इंग्लंडशी स्वातंत्र्ययुद्ध जुंपले होते आणि फ्रान्सच्या दरबारी अमेरिकेची बाजू मांडण्याची कामगिरी त्यांजवर आली होती. त्यांनी या मुलास बरोबर घेतले.

आज आपण विमानात बसून जेवण उरकतो न उरकतो तोच दुसऱ्या खंडात उतरतो. त्या काळी अटलांटिक महासागर ओलांडण्यास सुमारे सहा आठवडे लागले, आणि तेही भर हिवाळ्यात. वादळात गलबताच्या डोलकाठीवर वीज कोसळली. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी पाठलाग केला. पकडले गेले असते तर वडिलांवर राजद्रोहाचा खटला होण्याचे भय होते. असे असताना हा मुलगा काय करीत होता? गलबतावरील फ्रेंच शस्त्रवैद्यापाशी फ्रेंच भाषेचे धडे घेत होता, आणि कप्तानाकडून होकायंत्र कसे वाचावे हे समजून घेत होता. शाळा मागे राहिली होती. शिकणे मात्र त्याच्याबरोबर गलबतावर चढले होते.

फ्रान्समध्ये पॅरिसजवळील पासी येथे त्यास एका निवासी शाळेत घातले. तेथे लॅटिन व फ्रेंच यांबरोबर चित्रकला, नृत्य आणि पट्टा फिरविणेही शिकवीत. वडिलांनी आज्ञा केली की, जे पाहशील ते रोज वहीत लिहून ठेव. यावर त्याने आईस पत्रात जे कळविले ते आमच्या वर्गातील कोणाही मुलाने लिहावे तसेच आहे. रोजनिशीचा उपयोग मला पटतो, पण तेवढी चिकाटी माझ्या अंगी नाही; शिवाय मोठेपणी हे पोरकट लिहिणे वाचून लाज वाटेल, अशा आशयाची कबुली त्याने देऊन टाकली. एक वर्षाहून अधिक काळ ती वही कोरीच राहिली. पुढे १२ नोव्हेंबर १७७९ रोजी त्याने ती सुरू केली आणि मग जवळजवळ मरेपर्यंत, म्हणजे अडुसष्ट वर्षे, लिहिली. तिचे ५१ खंड आज जतन करून ठेवले आहेत. निबंधाची वही चार दिवसांत हरविणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

१७७९ च्या उन्हाळ्यात स्वदेशी परतताना एक मौजेची गोष्ट घडली. त्याच गलबतावर अमेरिकेस जाणारे फ्रेंच वकील आणि त्यांचे चिटणीस होते. त्यांस इंग्रजी शिकावयाचे होते. त्यांनी गुरू केला तो या बारा वर्षांच्या मुलास! वडिलांनी आपल्या नोंदीत लिहिले आहे की, मुलगा त्या थोर गृहस्थांचा एकेक उच्चार, एकेक अक्षर सुधारून घेत असे. आणि तो जराही दयामाया दाखवीत नाही, स्तुतीही करीत नाही, म्हणून आम्हांस तुमच्यापेक्षा तोच अधिक शिकवितो, असे चिटणीस त्यांस म्हणाले.

तीन महिन्यांतच वडिलांस पुन्हा युरोपास जाण्याचा हुकूम झाला. या खेपेस मुलाची इच्छा नव्हती. एकदा समुद्र पाहून झाला होता. आता त्यास घरी राहून कॉलेजची तयारी करावयाची होती. आईने समजूत घालून त्यास पाठविले. बरोबर नऊ वर्षांचा धाकटा भाऊ चार्ल्सही निघाला. वाटेत गलबतास भोक पडून पाणी शिरू लागले. रात्रंदिवस पंप चालवावे लागले आणि उतारूंनीही पाळीपाळीने हात लावला. अखेर स्पेनच्या फेरोल बंदराचा आश्रय मिळाला. तेथून भर हिवाळ्यात खेचरांवर बसून डोंगर ओलांडत ही मंडळी पॅरिसकडे निघाली, ती १७८० च्या फेब्रुवारीत पोहोचली. वाटेतल्या घरांस धुराडी नव्हती. धुराने कोंदलेल्या एकाच जागेत माणसे आणि डुकरे राहत. मुलांस खोकल्याने हैराण केले. राजवाड्यांचे आणि बागांचे वर्णन पुस्तकांत सापडते. लोकांच्या दारिद्र्याचा धूर डोळ्यांत गेल्यावाचून कळत नाही. हा माझा शेरा आहे, जॉनचा नव्हे. त्याने आपल्या वहीत केवळ ते धुरकट घर जसेच्या तसे उतरून ठेवले.

आता माझ्या पहिल्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथील लॅटिन शाळेत दोघां भावांस घातले. जॉनला लॅटिन येत होते, फ्रेंच उत्तम येत होते. पण तेथील डच भाषा येत नव्हती. म्हणून त्यास खालच्या वर्गात लहान मुलांत बसविले. तो रुसला आणि त्याचे वागणे बिघडले. मुख्याध्यापकांनी वडिलांस तक्रारीची चिठ्ठी पाठविली आणि वडिलांनी मुलास काढून घेतले. दोष कोणाचा होता? माझ्या मते थोडा दोघांचाही. नवी बोली ठाऊक नसलेला मुलगा आणि मंदबुद्धी मुलगा यांतील भेद ओळखणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते आमच्या हातूनही नेहमी घडते असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण मुलानेही खालच्या वर्गात बसावे लागले म्हणून फणकारण्याचे कारण नव्हते. यानंतर तो लायडेनच्या विद्यापीठात व्याख्याने ऐकू लागला आणि तेथे त्याचे मन रमले.

चार्ल्सचे मात्र कोठेच रमले नाही. तो आजारी पडला, घरासाठी झुरू लागला. अखेर १७८१ मध्ये अकरा वर्षांच्या या मुलास परत पाठविले. तो प्रवासही रखडला; तो आईजवळ पोहोचला १७८२ च्या जानेवारीत. चार्ल्सचे पुढील आयुष्य दुःखाचे गेले. व्यसनाने त्यास ग्रासले आणि तिसाव्या वर्षी तो वारला. बालपणीच्या प्रवासामुळे असे झाले, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. तथापि एकाच गलबतावर दोन भाऊ होते, हे प्रवासाचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये.

चार्ल्स परत निघाला त्याच उन्हाळ्यात जॉन याहून दूर गेला. फ्रान्सिस डेना या अमेरिकन वकिलास रशियात पाठविले होते. दरबारची भाषा फ्रेंच, आणि ती डेना यांस चांगली येत नव्हती. म्हणून चौदा वर्षांचा जॉन त्यांचा चिटणीस व दुभाषी होऊन सेंट पीटर्सबर्गला गेला. सम्राज्ञी कॅथरीनने वकिलाची दादच घेतली नाही. जॉनला तेथे शाळा नव्हती, बरोबरीचे सवंगडी नव्हते. वर्षभर त्याने पुस्तके मिळवून वाचली, आणि १७८२ च्या ऑक्टोबरअखेर स्वीडन, डेन्मार्क व हँबर्गच्या मार्गाने परत निघून सहा महिन्यांनी तो हेग येथे पोहोचला. रशियात त्याने काय पाहिले? आईस लिहिलेल्या एका पत्रात तो सांगतो की, तेथील राष्ट्र धनी आणि गुलाम अशा दोनच वर्गांचे बनले आहे. हे लिहिताना तो सोळा वर्षांचा होता. वृद्धपणी याच गृहस्थाने आपल्या देशाच्या लोकसभेत गुलामगिरीविरुद्धचे अर्ज दाबून टाकणाऱ्या नियमाशी आठ वर्षे झुंज दिली आणि १८४४ मध्ये तो नियम रद्द करविला.

परंतु मला सर्वांत अधिक भावतो तो १७८५ सालचा प्रसंग. वडिलांची नेमणूक लंडनला झाली. अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील या तरुणास राजधानीत, दरबारी मंडळींत राहता आले असते. त्याने रोजनिशीत स्वतःशी वाद घातला आहे. सात वर्षे मोकळे हिंडल्यावर कॉलेजच्या नियमांत कोंडून घेणे त्यास जड वाटत होते, हे तो लपवीत नाही. तरीही स्वतःच्या कष्टाने पोट भरावयाचे तर हे केलेच पाहिजे, असे ठरवून तो अमेरिकेस निघाला. गलबतावर त्याच्या हवाली सात शिकारी कुत्रे केले होते. लाफायेत या फ्रेंच सेनानीने ते जॉर्ज वॉशिंग्टन यांस भेट पाठविले होते.

युरोपातील राजधान्या पाहून आलेला, फ्रेंच सफाईने बोलणारा हा तरुण हार्वर्ड कॉलेजच्या अध्यक्षांपुढे उभा राहिला, तेव्हा त्यांनी त्यास सांगितले की, तुझी तयारी पुरेशी नाही. विशेषतः ग्रीक कच्चे आहे. वसंत ऋतूत पुन्हा ये. रशियाहून एवढा मोठा प्रवास करून आलेल्याने हे ऐकून घेतले. हेव्हरिल गावी मावशीच्या घरी राहून, तिच्या यजमानांपाशी त्याने हिवाळाभर ग्रीक व्याकरण घोकले, आणि १७८६ च्या मार्चमध्ये परीक्षा देऊन प्रवेश मिळविला. पुढल्या वर्षी तो वर्गात दुसऱ्या क्रमांकाने पदवीधर झाला.

तरी अंगातली घमेंड पुरती गेली नव्हती. मावशीच्या ती ध्यानात आली, आणि आईच्याही. त्या माउलीने लंडनहून लिहिलेल्या पत्राचा भावार्थ असा: इतरांहून तुला काही अधिक ठाऊक असेल, तर तुला जग पाहण्याच्या अधिक संधी मिळाल्या हे आठव, तुझ्या सोबत्यांस त्या मिळाल्या नाहीत, एवढे सगळे मिळूनही तू ठोंब्याच राहिला असतास, तर तो अपराध अक्षम्य ठरला असता. परदेशाहून आलेल्या मुलीच्या वडिलांस मी या पत्राची हकीकत सांगितली. ते हसले, आणि मुलीस त्यांनी वर्गात ठेवले.

नववीतल्या त्या मुलास मी एक शंभर पानी वही दिली आहे. ज्या पाच गावी तो राहिला, त्यांविषयी त्याने लिहावे असे सांगितले. दोन महिने काहीच आले नाही. गेल्या आठवड्यात त्याने पहिली चार पाने आणून दाखविली. एका गावच्या नदीस पूर आला असता शाळेत रात्र काढल्याची हकीकत आहे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका पुष्कळ आहेत. त्या मी तूर्त तशाच ठेवल्या आहेत. पाचवे पान केव्हा येते, याची वाट पाहत आहे.