बरोबरीचा कागद

वडगाव रासाई, ता. शिरूर, जि. पुणे

चि. छकुलीस,


तुझा लांबलचक मेसेज आणि सोबतचा कागद, दोन्ही नीट वाचले. म्युनिककडच्या एका मराठी कुटुंबाला दोन लहान मुलांसाठी ऑ पेअर म्हणून मुलगी हवी आहे. ओळखीतून आलेलं घर आहे. व्हिसाला वेळ लागत असेल तर आधी तीन महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर ये, पुढचं इथे आल्यावर बघू, असं त्यांनी सुचवलंय, आणि 'आपलीच माणसं' म्हणून तुझ्या आईबाबांचा जीव भांड्यात पडलाय. तू जर्मनीला जावंस असं मलाही मनापासून वाटतं. पण या घरी आणि या वाटेने जाऊ नकोस. का, ते सविस्तर लिहितो. नुसतं 'नको' म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, आणि ऐकूही नयेस.

'ऑ पेअर' हे फ्रेंच शब्द आहेत, त्यांचा अर्थ 'बरोबरीने'. परक्या घरात घरच्यासारखं राहायचं, मुलांना सांभाळायचं, थोडं घरकाम करायचं, त्याबदल्यात राहणं-जेवण, हातखर्च आणि भाषा शिकायची संधी घ्यायची, अशी ही देवघेव. 24 नोव्हेंबर 1969 रोजी स्ट्रासबुर्गमध्ये युरोपातल्या देशांनी यावर एक करार केला. त्यात ऑ पेअरला धड विद्यार्थी म्हटलेलं नाही, धड कामगारही नाही, त्यांची वेगळीच जात मानली आहे. सगळी गोम इथेच आहे. विद्यार्थ्याच्या मागे विद्यापीठ असतं, कामगाराच्या मागे कामगार कायदा आणि संघटना. ऑ पेअरच्या मागे फक्त तिच्या व्हिसाच्या अटी. जर्मनीच्या अटी अशा: वय किमान 18 आणि अर्ज करताना 27 पूर्ण झालेली नसावीत, जर्मन भाषा निदान ए-वन पातळीपर्यंत यायला हवी, दिवसाला सहा तासांपेक्षा आणि आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त काम नाही, रात्री आईवडील बाहेर गेले म्हणून मुलांजवळ बसलीस तर तेही त्यातच धरायचं, आठवड्याला दीड दिवस सुट्टी, वर्षाला चार आठवडे रजा, घरातच स्वतंत्र खोली, महिना 280 युरो हातखर्च आणि भाषेच्या वर्गासाठी वर 70 युरो, आजार, अपघात आणि बाळंतपण धरून सगळा विमा घरमालकाच्या खर्चाने. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष. मुदत वाढत नाही आणि आयुष्यात दुसऱ्यांदा मिळत नाही. घरातल्या आजारी आजोबांची शुश्रूषा करायला लावणं यात बसत नाही. तुला या यादीत अडसर दिसतात. मला प्रत्येक ओळीत एक कडी दिसते, आतून लावता येणारी.

आता त्या मराठी घराचं. जर्मनीचा नियम सांगतो की यजमानांच्या घरात जर्मन ही मातृभाषा असावी. मातृभाषा नसून नुसती घरात बोलली जात असेल, तर ऑ पेअर त्या आईवडिलांच्या मूळ देशातली असता कामा नये. नात्यातली तर नाहीच नाही. म्हणजे भारतातून गेलेल्या मराठी कुटुंबाला मराठी मुलगी ऑ पेअर म्हणून बोलावताच येत नाही. व्हिसाला 'वेळ लागतोय' असं ते म्हणतात, पण कितीही थांबलीस तरी तो येणारच नाही. हे त्यांना ठाऊक नसेल असंही धरून चालू. मुद्दा त्यांच्या नियतीचा नाहीच. तू म्हणशील, हा तर अन्यायच झाला, आपल्या माणसांत राहिलं तर जेवणाखाण्याची, बोलण्याची आबाळ होणार नाही, मग सरकारचं काय जातं? एक कारण उघड आहे: ज्या घरात दिवसभर मराठी चालेल तिथे तू जर्मन शिकणार कधी? पण दुसरं कारण मला जास्त पटतं. आपल्या माणसांत कामाचे तास कोणी मोजत नाही. गावाकडची नात्यातली पोर 'शिकायला' म्हणून शहरात नेऊन ठेवायची रीत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे, आणि त्या पोरीच्या वाट्याला पुस्तक किती आलं नि भांडी किती आली, हे प्रत्येक घराला माहीत असतं. 'घरचंच काम आहे' म्हटलं की त्याला ना वेळ उरते ना मोल. परक्या घरी तुला सहा तास झाले म्हणून सांगता येईल. जिला काकू म्हणून हाक मारली, त्या बाईला हे सांगताना तुझी जीभ उचलणार नाही, आणि सांगितलंसच तर बातमी तुझ्या आधी आईपर्यंत पोचेल.

व्हिजिटर व्हिसाची वाट तर त्याहून वाईट. त्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, काम करता येत नाही, आणि तिथे बसून त्याचा ऑ पेअरचा परवाना करून घेता येत नाही. त्यासाठीचा राष्ट्रीय व्हिसा इथूनच, मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडून घेऊन निघावं लागतं. 'सगळेच करतात, कोण बघतंय' हे उत्तर तुला ऐकायला मिळालं असेल. पकडली गेलीस तर परत पाठवतील आणि पुढची दारं काही वर्षं बंद होतील, ही भीती आहेच. मला काळजी आहे ती न पकडली गेलीस तर काय, याची. सहाचे बारा तास झाले, हातखर्च थांबला, कोणी नको तसा हात लावला, तर तू कुठे जाशील? तक्रार करायला गेलीस की आधी तुझ्याच पासपोर्टवरचा शिक्का बघितला जाईल. हे तुला कळतं तसं घरमालकालाही कळतं, आणि घरातला तोल तिथेच बिघडतो. चांगला माणूससुद्धा अशा तोलात हळूहळू सैल सुटतो.

आश्रयाच्या घरातल्या तोलाचा हा प्रश्न आजचा नाही. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात गेलं की केडगाव. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई 1883 मध्ये लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला वाँटेजच्या मठात राहिल्या, त्या देवघेवीच्या बोलीवरच. भारतात येणाऱ्या जोगिणींना त्यांनी मराठी शिकवायचं आणि त्याबदल्यात राहणं, जेवण, इंग्रजी घ्यायचं. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी शिकणं आणि शिकवणं दोन्ही केलं. त्या काळातला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, मिळाला तर जरूर वाच. आश्रय देणारी माणसं प्रेमळ होती, तरीही रमाबाईंनी काय मानावं, कोणाला शिकवावं, मुलीला कसं वाढवावं, इथपर्यंत त्यांचा शब्द चालावा असं त्यांना वाटे, आणि रमाबाई ठामपणे सांगत की इथवर तुमचं, इथून पुढे माझं. असं सांगण्याचं बळ त्यांच्या स्वभावात होतं, हे खरं. पण त्या फुकट राहत नव्हत्या, घेतलं त्याच्या बदल्यात ठरलेलं काम देत होत्या, हेही तितकंच खरं. उपकाराखाली राहणाऱ्या माणसाला असं बोलता येत नाही. रमाबाईंइतकी विद्वत्ता आणि धाडस प्रत्येक मुलीपाशी असेल असं धरून चालता येत नाही, म्हणून आज ते बळ कागदात उतरवलं आहे.

कागदही मात्र एकच हवा. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कला एका भारतीय राजनैतिक अधिकाऱ्याला अटक झाली, ते प्रकरण तुला पुसटसं आठवत असेल. घरकामाला नेलेल्या बाईच्या व्हिसासाठी दाखवलेल्या करारात तासाला 9.75 डॉलर लिहिले होते आणि महिना 30 हजार रुपयांचा दुसरा करार बाजूला होता, असा तिथल्या सरकारी वकिलांचा आरोप होता. राजनैतिक संरक्षणामुळे तो खटला शेवटपर्यंत चाललाच नाही, म्हणून कोण खरं ते मी म्हणणार नाही. पण कॉन्सुलेटला दाखवायचा एक करार आणि 'आपल्या आपल्यात' दुसरा, असं कोणी सुचवलं तर तिथेच थांब.

पैशाचं बोलतो. 280 युरो म्हणजे पंचवीस-तीस हजार रुपये होतात म्हणून तुझ्या बाबांनी वर्षाचा हिशेब मांडला असेल: 3,360 युरो, तीन लाखांच्या आसपास. हा पगार धरू नका. तो तिथल्या बसच्या पासाला, थंडीच्या कपड्यांना, वर्गाच्या उरलेल्या फीला जाईल. विमानाचं तिकीट आणि व्हिसाचे 75 युरो बहुधा आपल्यालाच घालावे लागतील. आणि तू लिहिलंस तो पुण्यातला एजंट जे अडीच लाख मागतोय, ते कर्ज काढून भरलेस तर तुझं अख्खं वर्ष त्याच्या नावावर गेलं. जर्मनीतल्या एजन्सीला ऑ पेअरकडून कायद्याने जास्तीत जास्त 150 युरो घेता येतात, यावरून काय ते ओळख. आपल्या शिवारात ऊसतोडीला येणारी जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन येतात; उचल फिटेपर्यंत थंडीतापातही कोयता खाली ठेवता येत नाही, हे तू कोप्यांवर लहानपणापासून पाहतेस. कर्ज काढून परदेशी गेलेल्या मुलीची गत तीच होते. घर वाईट निघालं तरी ती ते सोडत नाही.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. कागद चोख असूनही मुली फसतात, हे खरं आहे. ही व्यवस्था स्वस्तातल्या घरकामाची वाट झाली म्हणून नॉर्वेने मार्च 2024 मध्ये युरोपाबाहेरच्यांसाठी ती बंदच करून टाकली. अमेरिकेत आठवड्याला 45 तास काम चालतं आणि 195.75 डॉलर मिळतात. हा आकडा तिथल्या 7.25 डॉलरच्या किमान वेतनातून राहण्याजेवणाचे 40 टक्के कापून काढलेला आहे, आणि त्यावरून मुली कोर्टाची पायरी चढल्या. पण चढता आली, ती त्या रीतसर व्हिसावर गेल्या होत्या म्हणून. कागद तुला वाईट घरापासून वाचवेल अशी हमी मी देत नाही. वाईट घरातून बाहेर पडायची वाट तो ठेवतो. साधारण दोन आठवड्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं, परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवून उरलेल्या मुदतीसाठी दुसरं घर धरता येतं. चोरून गेलेल्या मुलीला यातलं काहीच करता येत नाही.

तुला आत्ता 22 चालू आहे, म्हणजे घाई नाही. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाची ए-वन परीक्षा आधी दे. कॉन्सुलेटमध्ये मुलाखतीला जर्मनमध्ये विचारतील तेव्हा पाठ केलेली चार वाक्यं पुरत नाहीत. घर जर्मन बोलणारं बघ. करारात तास, सुट्टी, खोली, विमा, वर्गाचे पैसे सगळं लिहून घे. तिथल्या सरकारी रोजगार कचेरीचा नमुना मिळतो, त्यावरच करार होऊ दे. मुलांशी आणि दोन्ही पालकांशी व्हिडिओवर दोनतीनदा बोल, आणि आधीच्या ऑ पेअरशी बोलायचंय असं न लाजता सांग. पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करायची असते, ती स्वतः जाऊन कर. पासपोर्ट 'जपून ठेवायला' म्हणून कोणाच्या कपाटात जाता कामा नये. त्या वर्षात भाषा बी-वनपर्यंत नेलीस तर नर्सिंगसारख्या शिकाऊ प्रशिक्षणासाठी रीतसर अर्ज करता येईल, आणि तिथे महिन्याचं विद्यावेतनही मिळतं.

म्युनिकच्या त्या मंडळींना तुझ्याच शब्दांत, गोडीत लिही: नियमाप्रमाणे मला तुमच्याकडे येता येत नाही, पण जर्मनीत आले की एका रविवारी मुलांना भेटायला नक्की येईन. आईशी मी बोलतो. परीक्षेची तारीख आणि फी किती ते कळव, फीचे पैसे मी भरतो.

तुझा,
मामा