जांभई का येते आणि का पसरते?

दुपारच्या सुट्टीनंतरचा तास. गुरुजी फळ्यावर समीकरण सोडवीत आहेत. पहिल्या बाकावरचा एक मुलगा जांभई देतो. थोड्याच वेळात खिडकीजवळच्या मुलीला जांभई येते, मग तिच्या शेजारणीला. गुरुजी रागावतात, "काय, झोपा आल्या का?" आणि बोलता बोलता स्वतःच तोंडावर हात धरतात!

जांभई का येते, असे कोणालाही विचारा. बहुतेक जण सांगतील, "शरीराला प्राणवायू कमी पडतो म्हणून." उत्तर पटण्यासारखे आहे. पण पटण्यासारखे उत्तर बरोबर असतेच असे नाही. ते तपासून पाहावे लागते.

जांभईत काय घडते?

जांभई येते तेव्हा जबडा पूर्ण उघडतो, दीर्घ श्वास आत जातो, चेहऱ्याचे व घशाचे स्नायू ताणले जातात आणि डोळे मिटू लागतात. मग श्वास बाहेर पडतो. हे सारे सरासरी 6 सेकंदांत आटोपते.

पुढच्या वेळी जांभई येऊ लागली की ओठ उघडे ठेवा, पण दात घट्ट मिटून धरा. दातांच्या फटींतून हवा आत जाईल, तरीही जांभई अडकल्यासारखी वाटेल. यावरून काय कळते? जांभई म्हणजे नुसता दीर्घ श्वास नव्हे. जबड्याचा ताण हा तिचा आवश्यक भाग आहे.

प्राणवायूची परीक्षा

अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी प्राणवायूच्या उत्तराची परीक्षा घेतली. त्यांचा प्रयोग 1987 साली प्रसिद्ध झाला. त्यामागचा विचार अगदी सरळ होता. प्राणवायू कमी पडल्याने जांभई येत असेल, तर शुद्ध प्राणवायू दिल्यावर जांभया कमी व्हायला हव्यात. कार्बन डायऑक्साइड वाढवला, तर त्या वाढायला हव्यात.

त्यांनी विद्यार्थ्यांना शुद्ध प्राणवायू आणि 3 ते 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा देऊन पाहिली. नेहमीच्या हवेत तो सुमारे 0.04 टक्केच असतो. कार्बन डायऑक्साइड वाढताच श्वासाचा वेग वाढला, पण जांभयांची संख्या बदलली नाही. शुद्ध प्राणवायूनेही ती कमी झाली नाही. व्यायामाने श्वासोच्छ्वास वाढवून पाहिला, तरी जांभयांवर परिणाम झाला नाही. इतक्या वर्षांचे उत्तर या परीक्षेत नापास झाले.

मग खरे कारण कोणते? झोपण्यापूर्वी जांभया येतात, तशाच झोपेतून उठल्यावरही येतात. म्हणून शरीर एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाताना जांभई मदत करीत असावी, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. अँड्र्यू गॅलप यांच्या मते जांभईने मेंदू थंड राहतो. त्यांच्या 2007 सालच्या प्रयोगात कपाळावर थंड पट्टी ठेवलेल्यांना इतरांच्या जांभया पाहून कमी जांभया आल्या. या कल्पनेवर अजून वाद चालू आहे.

पाहूनही येते, वाचूनही येते

प्रोव्हाइन यांनी लोकांना जांभयांचे 5 मिनिटांचे चित्रण दाखवले. निम्म्याहून अधिक प्रेक्षकांना जांभई आली. हसऱ्या चेहऱ्यांचे चित्रण पाहणाऱ्यांत हे प्रमाण बरेच कमी होते. चित्रातील तोंड झाकले तरी जांभई पसरली. उलट, नुसते उघडे तोंड दाखवले तर फारसा परिणाम झाला नाही. आपल्याकडे जांभई आली की तोंडापुढे चुटकी वाजवतात किंवा हात धरतात. तो शिष्टाचार चांगलाच, पण त्याने जांभईचा प्रसार थांबत नाही!

गर्भातील बाळही जांभई देते. मात्र दुसऱ्याची जांभई पाहून जांभई येणे साधारण 4-5 वर्षांच्या वयात ठळकपणे दिसू लागते. चिंपँझींमध्येही जांभई पसरते, असे 2004 साली जपानमधील प्रयोगात आढळले. यावरून काही जणांनी म्हटले, की दुसऱ्याचे मन जाणण्याच्या शक्तीशी याचा संबंध असावा. पण 2014 साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात 328 जणांची पाहणी झाली, तेव्हा असा पक्का संबंध आढळला नाही. म्हणजे हेही उत्तर अजून परीक्षेतच बसलेले आहे.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने वर्गाचे दोन समान गट करा. एका गटाला जांभईवरील व दुसऱ्याला उचकीवरील तेवढ्याच लांबीचा उतारा वाचायला द्या. 5 मिनिटांत किती जणांना जांभई आली ते मोजा. दोन्ही गटांची वेळ एकच ठेवा, कारण दिवसाच्या वेळेनुसार जांभया कमीजास्त होतात. गट एकमेकांना दिसू नयेत म्हणून वेगळ्या खोल्यांत बसवा. प्रयोगाचा हेतू आधी सांगू नका आणि कोणाकडे टक लावून पाहू नका. आपल्यावर नजर आहे हे कळले की जांभई दबते.

वर्गातील जांभई म्हणजे नेहमी आळस किंवा उद्धटपणाच असतो असे नाही, हे यातून दिसेल. आता एकच प्रश्न, प्रामाणिकपणे उत्तर द्या: हा लेख वाचताना तुम्हाला किती जांभया आल्या?