शोधनिबंधांचा आकडा आणि आपले आरोग्य

विदर्भातल्या आपल्या अनेक कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. अशा घरांपर्यंत अधूनमधून जाहिरात पोहोचते: अमुक डॉक्टरांचे शेकडो शोधनिबंध जगभर गाजले आहेत, त्यांच्या औषधाने आजार मुळापासून जातो. आकडा ऐकून माणूस दबतो. चालू असलेली हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बंद होते आणि काही दिवसांनी पोराला पुन्हा वेदनेचा झटका येतो. म्हणून हा आकडा म्हणजे काय, ते या वेळी समजून घेऊ.

संशोधक आपला अभ्यास नियतकालिकात छापतो, तो शोधनिबंध. पुढे दुसऱ्या संशोधकाने आपल्या लेखात त्याचा उल्लेख केला की एक संदर्भ मोजला जातो. यालाच सायटेशन म्हणतात. 2005 साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स हे माप सुचवले. एखाद्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले असतील, पण अकरा निबंधांना प्रत्येकी अकरा मिळाले नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स दहा. या मापातून संशोधकाच्या कामाची चर्चा किती झाली हे कळते. ते काम खरे आहे की नाही, हे कळत नाही. स्वतःच्याच जुन्या निबंधांचे उल्लेख करूनही संदर्भ वाढवता येतात, आणि चूक दाखवण्यासाठी केलेला उल्लेखही संदर्भच धरला जातो.

अमेरिकेतले एक उदाहरण पाहा. जानेवारी 1980 मध्ये तिथल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पोर्टर आणि जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद सापडली, एवढेच त्यात होते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात एक शब्दही नव्हता. तरीही या गोळ्यांचे व्यसन सहसा लागत नाही, याचा पुरावा म्हणून ते पत्र पुढे केले गेले. 2017 साली संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा त्याला 608 संदर्भ मिळालेले आढळले. त्यांपैकी सुमारे 81 टक्के ठिकाणी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही मूळ अटच सांगितलेली नव्हती. दरम्यान या गोळ्यांच्या व्यसनाने अमेरिकेत लाखो बळी घेतले. त्याला कारणे अनेक होती. पण मूळ पाच वाक्ये न वाचता एकाने दुसऱ्याचे उतरवून घेणे, हे त्यांतले एक होते.

आता याच्या उलट उदाहरण आपल्या देशातले. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. तुकड्यात पाणी साचले. पुढे 1959 साली त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही तेच घडते. म्हणजे शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेणारे एक विष हे जंतू सोडतात. कॉलरा समजून घेण्यातला हा मोठा टप्पा होता. तरी सुरुवातीची काही वर्षे या निबंधाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. डे 1985 साली वारले. तोवर भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केले नव्हते. संदर्भ मोजण्याची पद्धत रुजवणारे युजीन गारफिल्ड यांनीच 1986 साली डे यांच्या कामाचे मोल लेख लिहून जगापुढे मांडले.

एका ठिकाणी आकडा मोठा आणि आधार तोकडा, तर दुसऱ्या ठिकाणी काम मोठे आणि दखल उशिरा. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते: परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका, हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखा. छापील निबंधालाही हीच कसोटी लावायची.

कुणी संशोधनाचा दाखला दिला तर एवढे विचारा. प्रयोग माणसांवर झाला की प्राण्यांवर? किती रुग्णांवर, आणि ते आपल्यासारखेच रुग्ण होते का? औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना केली का? दुसऱ्या संशोधकांना तोच निष्कर्ष मिळाला का? पैसा कुणी दिला? आणि तो निबंध पुढे मागे तर घेतला गेला नाही ना? ‘पबमेड’ या मोफत संकेतस्थळावर निबंधाचे नाव टाकले की बहुतेक निबंधांचा सारांश वाचता येतो. निबंध मागे घेतला असेल तर तशी सूचनाही तिथे असते. आपल्या वस्तीत वैद्यकीय, नर्सिंग किंवा फार्मसीचे शिक्षण घेणारी मुलेमुली आहेत. रविवारी विहारात वंदनेनंतर त्यांच्याकडून अशी एखादी जाहिरात तपासून घ्या.

तपास पूर्ण होईपर्यंत एक पथ्य पाळा: चालू औषध आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. त्या शिक्षणाचा उपयोग आपल्या लेकराच्या औषधाची चिठ्ठी वाचतानाही झाला पाहिजे.