छातीवरचा बॅज आणि कार्बनच्या नळ्या

प्रश्न : घाटकोपरच्या एका निदान केंद्रात मी एक्स-रे काढण्याचं काम करते. आमचे टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांनी रेडिएशन मोजता येतं, असं वाचलं. कोळशातला हा कार्बन ते कसं मोजणार?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : आधी तुमचा बॅज पाहू. त्यातल्या पट्टीवर डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरण पडले की त्यांची थोडी ऊर्जा चकतीत अडकून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्या प्रकाशावरून डोस काढतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने देशात रुजवलेली ही पद्धत भरवशाची आहे, पण उत्तर उशिरा मिळतं. शिवाय कॅल्शियम आणि गंधकाचे अणू जड असल्याने एक्स-रेसारखे कमी ऊर्जेचे किरण ते शरीरापेक्षा बरेच जास्त शोषतात. म्हणून धातूच्या गाळण्या लावून हिशेब जुळवावा लागतो.

कार्बनचं महत्त्व नेमकं इथे आहे. त्याचा अणुक्रमांक ६, तर शरीरातल्या मऊ ऊतींचा सरासरी अणुक्रमांक साधारण ७.४. त्यामुळे कार्बन किरण शोषतो तो जवळजवळ शरीरासारखाच. कृत्रिम हिरा म्हणजेही कार्बनच, आणि त्याचे संवेदक रेडिओथेरपीतला डोस मोजायला वापरले जातात.

ग्राफीन म्हणजेही कार्बनच, पण त्याचा थर मात्र एका अणूच्या जाडीचा. किरण त्यातून आरपार जातात. म्हणून ते सिलिकॉनवर ठेवतात. सिलिकॉनमध्ये किरणांनी इलेक्ट्रॉन मोकळे केले की विद्युतक्षेत्र बदलतं आणि वरच्या ग्राफीनचा रोध त्याच क्षणी बदलतो. पण इथे किरण शोषतं ते सिलिकॉन, अणुक्रमांक १४. शरीराशी असलेलं साम्य गेलंच! म्हणून मला नळ्या प्लास्टिकमध्ये मिसळण्याची वाट जास्त आशेची वाटते. प्लास्टिकही मुख्यतः कार्बन-हायड्रोजनचं. त्यात सुटलेला विद्युतभार नळ्यांच्या जाळ्यातून वाहतो आणि तो प्रवाह लगेच मोजता येतो.

अडचण आहे ती हवेची. नळ्या आणि ग्राफीन दोन्ही बाष्पाला आणि वायूंनाही प्रतिसाद देतात. जुलैतल्या मुंबईत दमट हवा कोणती आणि किरण कोणते, हे संवेदकाला ओळखता यायला हवं. तोवर नोंद तुमच्या बॅजचीच. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. तेव्हा बॅज लेड अ‍ॅप्रनच्या आत छातीवर लावा, काम संपल्यावर एक्स-रेच्या खोलीत ठेवू नका आणि तपासणीला वेळेवर पाठवा.